फ्रीज बिघडला म्हणजे नेमके काय बिघडले?

वरच्या कप्प्यातला बर्फ दगडासारखा घट्ट, आणि खालच्या कप्प्यातले रात्री तापवून ठेवलेले दूध सकाळी नासलेले, अशी परस्परविरुद्ध साक्ष देणारा फ्रीज गेल्या आषाढाच्या आरंभी आमच्या स्वयंपाकघरात उभा होता. त्याच्या दारातल्या खणात माझ्या पत्नीच्या इन्सुलिनच्या कुप्या होत्या. त्या २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिल्या पाहिजेत, तापता कामा नयेत आणि गोठताही कामा नयेत, हे डॉक्टरांनी इतक्या वेळा बजावले होते की दूध नासल्याची हळहळ बाजूला ठेवून आम्ही प्रथम त्या कुप्या शेजारच्या घरी हलवल्या आणि मग यंत्राकडे वळलो. फ्रीज ही दिवाणखान्यात मांडून पाहुण्यांना दाखवण्याची वस्तू होती तो काळ मी पाहिलेला आहे. आज भिलाईतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्येही तो औषधाचा आणि अन्नाचा रक्षक झाला आहे. त्याच्या बिघाडाकडे पाहण्याची आपली दृष्टी मात्र त्या मानाने मुळीच बदललेली नाही.

ज्या कंपनीचा तो फ्रीज, तिच्या सेवा केंद्रात तक्रार रुजू केली. तिसऱ्या दिवशी एक तरुण कारागीर आला. त्याने दार उघडून आत हात फिरवला, पाठीमागे वाकून कॉम्प्रेसरचा आवाज ऐकला, आणि पाच-सात मिनिटांत निकाल दिला की गॅस गेलेला आहे, कॉम्प्रेसरही थकलेला आहे, आणि अकरा वर्षांच्या यंत्रावर एवढा खर्च घालण्यापेक्षा जुना फ्रीज देऊन नवा घेणे बरे. त्या तरुणाला मी दोष देत नाही. दिवसाकाठी किती घरे उरकायची याची तंबी त्याच्या खिशातल्या फोनवर पुनःपुन्हा वाजत होती, आणि त्याला जेवढे शिकवले गेले तेवढेच तो सांगत होता. परंतु गॅस गेला असता तर वरच्या साच्यातल्या पाण्याचा दगड कसा झाला असता, या माझ्या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते. आणि जो निकाल एका साध्या प्रश्नापुढे टिकत नाही त्याच्यावर विसंबून नव्या यंत्राचा खर्च मंजूर करावा, हे माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीने मला शिकवलेले नव्हते.

ही नोकरी मी भिलाई इस्पात कारखान्याच्या भांडार विभागात केली. तिचा या विषयाशी निकटचा संबंध आहे, तो पुढे येईल.

भिलाईतल्याच सुपेल्याच्या बाजारात लहानसे दुकान असलेले एक वृद्ध मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी यंत्राला हात लावण्यापूर्वी माझ्या पत्नीला चार प्रश्न विचारले: खालचा कप्पा एकदम गरम झाला की हळूहळू, वरच्या कप्प्यातला पंखा कशाला घासल्यासारखा वाजत होता काय, मशीन मध्ये थांबते काय की अखंड चालते, आणि अलीकडे कधी वीज बराच वेळ गेली असता नंतर दोन-चार दिवस सगळे ठीक चालले होते काय. शेवटच्या प्रश्नाला होकार मिळताच ते म्हणाले, "मग बाबूजी, थंडावा तयार होतो आहे, फक्त बर्फाने त्याची वाट अडवली आहे." रोग्याला तपासण्याआधी त्याची हकीकत ऐकून घेणाऱ्या जुन्या वैद्याची आठवण मला त्या वेळी झाली. त्यांच्या या एका वाक्यात बिघाडाचे संपूर्ण निदान होते.

ज्याला आपण फ्रॉस्ट-फ्री म्हणतो त्या फ्रीजमध्ये बर्फ धरत नाही, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. वस्तुतः तो धरतोच. फक्त आपल्याला दिसत नाही. फ्रीझरच्या पाठीमागच्या पत्र्याआड थंड नळ्यांची वेटोळी आणि त्यांना जोडलेले अॅल्युमिनियमचे पातळ पंख असतात, त्यांवरून एक लहान पंखा हवा खेळवतो आणि तीच थंड हवा एका अरुंद मार्गाने खालच्या कप्प्यात उतरते. आता पावसाळ्यातली ३० अंशांची बाष्पाने संपृक्त झालेली हवा घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम पाणी धरून असते. अडीचशे लिटरच्या कपाटातली हवा एकदा पूर्णपणे बदलली तर साडेसात ग्रॅम पाणी आत जाते, आणि ते सगळे शेवटी त्या सर्वांत थंड पंखांवर हिम होऊन बसते. अॅल्युमिनियमची उष्णता वाहून नेण्याची शक्ती घट्ट बर्फाच्या जवळजवळ शंभरपट आहे, आणि हवा कोंडलेले भुसभुशीत हिम तर घट्ट बर्फाहूनही कितीतरी मंद वाहक. म्हणजे शीतलतेचा उगम जो पंख, त्यावरच एक पांघरूण चढते. ते वाढत वाढत पंखांमधल्या फटी बुजवते, हवेचा मार्ग बंद होतो, आणि वर हिमालय व खाली उन्हाळा अशी स्थिती उत्पन्न होते. कॉम्प्रेसर बिचारा अखंड राबत राहतो; विजेचे बिल वाढते; आणि दूध नासते.

हे पांघरूण रोजच्या रोज उतरवण्याची तजवीज यंत्रातच केलेली असते. तिचे स्वरूप मला आपल्या जुन्या दफ्तरी कारभारासारखे वाटते, आणि त्या भाषेत सांगितले तर ते चटकन ध्यानात येईल. टायमर नावाचे एक लहान घड्याळ हुकूम सोडते: कॉम्प्रेसर बनावटीप्रमाणे सहा ते बारा तास चालला की ते त्याचा वीजपुरवठा तोडते आणि तोच पुरवठा हीटरच्या मार्गाला जोडते. त्या मार्गावर बायमेटल नावाची एक चकती बसलेली असते, तिची मंजुरी लागते. नळ्या खरोखर थंड असतील, म्हणजे शून्याखाली काही अंश उतरलेल्या असतील, तरच ती वाट जोडून देते, आणि बर्फ वितळून नळ्या दहा-बारा अंशांपर्यंत चढल्या की आपण होऊन वाट तोडते. (नेमके आकडे बनावटीगणिक बदलतात.) काही कारणाने ती चकती तुटायची विसरली तर घर पेटू नये म्हणून सुमारे सत्तर अंशांच्या वर एकदाच आणि कायमचा तुटणारा एक फ्यूज त्याच मार्गावर जामीन राहिलेला असतो. आणि हुकूम, मंजुरी, जामीन या तिन्ही ठिकाणांहून कागद सुखरूप पुढे गेला म्हणजे मग हीटर त्याची अंमलबजावणी करतो. अर्धा किलो हिम वितळवायला २०० वॉटच्या हीटरला गणिताने सुमारे चौदा मिनिटे पुरतात. प्रत्यक्षात भांडे, नळ्या, पत्रा हे सगळे तापवायचे असल्याने थोडी अधिक लागतात. वितळलेले पाणी एका नळीतून खाली कॉम्प्रेसरवरच्या तबकात उतरते आणि त्याच्याच उबेने वाफ होऊन जाते. रात्रीच्या शांततेत फ्रीजमधून कधी थेंब पडल्याचा, कधी पत्रा तडकल्याचा जो आवाज येतो तो बहुधा या कारभाराचा असतो.

तेव्हा हिम वितळण्याचे चक्र सुरूच होत नसेल तर प्रश्न एवढाच उरतो की कागद कोणत्या टेबलावर अडला आहे. मिस्त्रींनी त्याचा शोध ज्या क्रमाने घेतला तो क्रम मी सविस्तर देतो, कारण या साऱ्या लेखाचे प्रयोजनच ते आहे.

त्यांनी प्रथम टायमर शोधून त्याच्या खाचेत पेचकस घातला आणि तो सावकाश फिरवत गेले; 'टक्' असा स्पष्ट आवाज झाला आणि त्याच क्षणी कॉम्प्रेसर थांबला. याचा अर्थ हाताने का होईना, हुकूम सुटला. आता त्या जागी ठेवून पंधरा मिनिटांत जर आतून पाणी झिरपू लागले असते, तर हीटर, चकती आणि फ्यूज तिन्ही शाबूत आहेत आणि कसूर केवळ टायमरच्या मोटरची आहे, असे सिद्ध झाले असते. तसे झाले नाही; मीटरवर हीटरच्या मार्गातला प्रवाह शून्य होता. मग त्यांनी भिंतीतला प्लग काढला, तो काढल्याचे मला दाखवले, आणि तो माझ्या हातात देऊन म्हणाले की मी सांगेपर्यंत हा तुमच्याजवळ राहू द्या. आमच्या कारखान्यात यंत्रावर माणूस काम करीत असता त्याचा वीजपुरवठा दुसऱ्या कोणी सुरू करू नये म्हणून जो कडक शिरस्ता पाळला जाई, तोच हा शिरस्ता एका लहान दुकानदाराच्या हातून आपल्या स्वयंपाकघरात पाळला जाताना पाहून मला किती समाधान वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

फ्रीझरमध्ये कढत पाण्याचे पातेले ठेवून, दार लोटून, त्यांनी तासभर वाट पाहिली. येथे एक गोष्ट कळकळीने सांगितली पाहिजे. आपल्या घरांत अशा वेळी सराट्याने, चाकूने, क्वचित पेचकसाने बर्फ खरवडण्याची जी सवय आहे ती यंत्राचा खून करणारी आहे. ते पंख कागदासारखे आणि नळ्या मऊ असतात, एक टोक घुसले की गॅस क्षणात निघून जातो, आणि आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये जो आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन, भरलेला असतो तो ज्वालाग्राही आहे. ज्या यंत्रात शे-दोनशे रुपयांचा भाग बिघडलेला असतो, त्याचे खरोखरीचे मरण पुष्कळदा या घाईच्या हातांनी ओढवते.

बर्फ सुटल्यावर पाठीमागचा पत्रा निघाला. सगळ्या वेटोळ्यांवर वरपासून खालपर्यंत एकसारखे हिम होते, आणि मिस्त्रींनी बोट ठेवून ते मला दाखवले: गॅस कमी असता तर आरंभीच्या दोन-चार वेटोळ्यांवरच हिम धरले असते आणि उरलेली कोरडी राहिली असती. सेवा केंद्राचा निकाल तेथेच बरखास्त झाला. मग हीटरची दोन टोके मीटरला लावली. सुमारे पावणेतीनशे ओहमचा रोध दिसला, जो २३० व्होल्टवर चालणाऱ्या २०० वॉटच्या हीटरच्या हिशेबाशी जुळतो. फ्यूज अखंड. राहिली बायमेटलची चकती.

या चकतीची परीक्षा हेच खरे कसोटीचे स्थान आहे, आणि पुष्कळ कारागीर येथेच चुकतात. ती काढून टेबलावर ठेवली आणि मीटर लावला तर ती तुटलेलीच दिसते; कारण खोलीच्या उष्णतेत तुटलेले असणे हाच तिचा धर्म आहे, आणि त्यावरून तिला बाद करणे म्हणजे दिवसा दिवा बंद आहे म्हणून तो बिघडला असे म्हणण्यासारखे आहे. मिस्त्रींनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फ आणि खडेमीठ यांच्या मिश्रणात बुडवली, त्याच मिश्रणात ज्यात आपण पूर्वी हाताने फिरवायच्या पॉटमध्ये आइस्क्रीम करीत असू. दहा मिनिटे गेली. चकतीने 'टिक्' म्हणून उलटायला हवे होते. ती उलटली नाही, आणि मीटरची सुई हलली नाही. अपराधी सापडला, आणि तो रुपयाच्या नाण्याएवढा होता.

परस्परांहून भिन्न प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जखडल्या की उष्णतेच्या फरकाने त्या वाकतात, हे तत्त्व अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने समुद्रावरच्या आपल्या घड्याळांत उपयोगात आणले होते. पुढे १८९६ साली शार्ल एदुआर गिय्योम या शास्त्रज्ञाने लोखंड आणि सुमारे ३६ टक्के निकेल यांचा 'इन्व्हार' नावाचा असा मिश्रधातू शोधला की जो उष्णतेने जवळजवळ वाढतच नाही, आणि त्याच्या या शोधाला १९२० साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा मिश्रधातूची पट्टी एका बाजूला आणि खूप प्रसरण पावणारी दुसऱ्या बाजूला, या जोडीवर आजची कितीतरी उष्णतामापके आणि चकत्या चालतात. लोखंडाच्या नगरीत उभे आयुष्य काढलेल्या मला, लोखंडाचाच हा एवढा सूक्ष्म आणि आज्ञाधारक अवतार आपल्या घरात अकरा वर्षे निमूटपणे रोज दोन-तीनदा मान हलवीत होता, हे समजायला तो मरावा लागला, याची खंत वाटली.

नवी चकती सुपेल्यातच मिळाली. तिचा आणि मिस्त्रींच्या मजुरीचा खर्च मिळून आठवड्याच्या भाजीबाजाराच्या आतबाहेर झाला. जाण्यापूर्वी त्यांनी दाराच्या रबरात एक नोट धरून दार लावले आणि ती ओढून पाहिली. जेथे ती सहज निघाली तेथले रबर गरम पाण्याच्या फडक्याने शेकून बसवले. पाणी उतरण्याची नळी धागा घालून साफ केली. हे त्यांनी कोणी न सांगता केले.

आता माझ्या भांडाराकडे येतो. भिलाईच्या कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला; भिलाई ज्यात येते तो दुर्ग जिल्हा त्या वेळी ज्या मध्य प्रदेश राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती, आणि म्हणूनच भंडारा, नागपूर, वर्धा या बाजूंनी आमच्यासारखी कितीतरी मराठी कुटुंबे हावडा-मुंबई लोहमार्गाने येथे येऊन स्थिरावली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. योगायोग असा, की त्याच्या आदल्याच वर्षी, १९५८ साली, मुंबईत गोदरेजने भारतीय बनावटीचा पहिला फ्रीज काढला होता. एकाच काळात भिलाईने पोलाद करायला आणि या देशाने घरगुती थंडावा करायला आरंभ केला. पण पोलादाची यंत्रे आणताना आपण जी एक अट पाळली ती थंडाव्याच्या यंत्रांना आपण कधीच लावली नाही.

ती अट अशी, की कोणतेही यंत्र त्याच्या नकाशाशिवाय आणि सुट्या भागांच्या यादीशिवाय कारखान्यात दाखल होत नसे. मी नोकरीवर रुजू झालो तेव्हा भांडारात रशियन अक्षरांतले नकाशे आणि शेजारी त्यांची भाषांतरे अशा फायली होत्या. प्रत्येक भागाला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाचे बिन कार्ड, त्यावर आवक, जावक आणि किमान साठ्याची रेघ. साठा रेघेखाली गेला की इंडेंट निघालाच पाहिजे. काही भाग असे असत की जे दहा वर्षांतही लागत नसत, तरी 'इन्शुरन्स स्पेअर' म्हणून तेल लावून, कागदात गुंडाळून जपून ठेवलेले असत, कारण तो एक भाग नसला तर अख्खी मिल उभी राहील. झोतभट्टीसुद्धा ठराविक वर्षांनी 'कॅपिटल रिपेअर'साठी थंड करून, आतले अस्तर काढून, नव्याने बांधली जाते. तिला अस्तर झिजले म्हणून कोणी मोडीत काढीत नाही. भिलाईत ज्याने नोकरी केली त्याला दुरुस्ती ही उत्पादनाहून हलकी वाटत नाही.

याच्या उलट आमच्या फ्रीजबरोबर जे पुस्तक आले त्यात भाज्या कशा धुवाव्यात याविषयी चार पाने होती आणि हिम वितळवण्याच्या मार्गाचा नकाशा नव्हता. तो नकाशा कंपनीजवळ असतो यात संशय नाही. तो घरमालकाला आणि त्याच्या मिस्त्रीला मिळत नाही, हे माझे गाऱ्हाणे आहे. जुन्या, घड्याळी टायमरच्या यंत्रांत निदान अनुभवी हात अंदाजाने वाट काढू शकतो. नव्या यंत्रांत टायमर नाही. त्याच्या जागी एक इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि थंडावा वाढला की ज्याचा रोध वाढतो असा सेन्सर असतो, आणि हिम केव्हा वितळवायचे हे कार्ड दार किती वेळा उघडले, मागच्या वेळी किती वेळ लागला, यांवरून ठरवते. व्यवस्था उत्तम आहे, वीज वाचवणारी आहे. परंतु ते कार्ड परीक्षेसाठी हिम वितळवण्याच्या अवस्थेत कसे घालावे, कोणती बटणे किती वेळ दाबावीत, सेन्सरचा शून्य अंशावरचा रोध किती असावा, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे आणि बहुधा गुप्त असते. पेचकस फिरवून हुकूम सोडण्याची जी सोय माझ्या मिस्त्रींना होती ती त्यांच्या नातवाला असणार नाही. मग तो किरकोळ किमतीच्या सेन्सरऐवजी हजारोंचे कार्ड बदलील, आणि कार्ड मिळाले नाही तर फ्रीज भंगारात जाईल. चूक कोणाची म्हणायची?

माझी मागणी म्हणून एवढीच आहे. प्रत्येक फ्रीजच्या पाठीवर, पावसापाण्याने न पुसणाऱ्या अक्षरांत, त्याच्या विजेच्या मार्गाचा नकाशा, हीटर, चकती, फ्यूज आणि सेन्सर यांची मापे आणि परीक्षेची रीत छापलेली असावी, आणि ती हिंदीत व राज्याच्या भाषेत असावी. आणि ते मॉडेल बाजारातून निघून गेल्यावरही निदान दहा वर्षे हे चार-पाच भाग कोणालाही खुल्या दुकानात विकत मिळावेत. हे स्वप्नरंजन नाही. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून फ्रीजला लागू असलेल्या नियमांनुसार थर्मोस्टॅट, उष्णतेचे सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक कार्डे हे भाग शेवटचे यंत्र बाजारात आल्यापासून निदान सात वर्षे व्यावसायिक दुरुस्तीकारांना, आणि दाराचे रबर निदान दहा वर्षे सामान्य ग्राहकालाही, उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, आणि शेतीची अवजारे, मोबाइल, वाहने यांच्या बरोबरीने घरगुती टिकाऊ वस्तूंचाही त्यात समावेश केला. त्या वर्षाच्या अखेरीस एक पोर्टलही सुरू झाले. पाऊल योग्य दिशेने पडले आहे. परंतु कंपनी आपखुशीने जेवढे सांगेल तेवढे पोर्टलवर चढवणे निराळे आणि नकाशाशिवाय यंत्र विकण्यास मनाई करणे निराळे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला सुरक्षिततेचा: वीज, पाणी आणि ज्वालाग्राही वायू जेथे एकत्र येतात तेथे अशिक्षित हात घालू देणे धोक्याचे आहे. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि म्हणूनच मला नकाशा हवा आहे. हात तर घातले जातच आहेत. सुपेल्यात, भिलाईच्या पॉवर हाऊस भागात, आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेत रोज घातले जात आहेत. ते अंधारात घातले जावेत की उजेडात, एवढेच ठरवणे आपल्या हाती आहे. गॅसच्या नळ्यांना घरमालकाने हात लावू नये, ते काम प्रशिक्षित माणसाचेच. आणि अशी माणसे तयार करणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आपल्या आयटीआयमध्ये आहे. त्या मुलांना वर्गात जे शिकवले जाते ते बाहेरच्या यंत्रावर पडताळून पाहण्यास नकाशा नसेल तर त्या शिक्षणाचा उपयोग निम्म्यावर येतो.

दुसरा आक्षेप विजेचा, आणि तो अधिक वजनाचा आहे. नवी यंत्रे कमी वीज खातात, तारांकनाची पद्धत फ्रॉस्ट-फ्री फ्रीजला २०१० पासून सक्तीची झाल्यावर त्यांत खरोखरच सुधारणा झाली, मग जुने का जपावे? ज्याच्या कपाटाचा पत्रा गंजला, ज्याच्या भिंतीतल्या नळीतून गॅस झिरपतो, ज्याचा कॉम्प्रेसर जळाला, तो फ्रीज मी जपा म्हणत नाही. त्याला २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे रीतसर निरोप द्यावा. परंतु हिम न वितळल्यामुळे दिवसरात्र चालणाऱ्या फ्रीजचे वाढलेले बिल हे त्याच्या वयाचा पुरावा म्हणून पुढे करणे अन्यायाचे आहे. चकती बदलल्यावर आमचे बिल पूर्वीच्या पातळीवर आले. आणि नव्या यंत्राच्या पत्र्यासाठी दल्लीराजहरासारख्या कुठल्यातरी डोंगरातून लोहखनिज काढावे लागते, कोळसा जाळावा लागतो, हे वीजबिलावर लिहिलेले नसते. ज्याने खनिजाच्या वाघिणी रिकाम्या होताना आणि झोतभट्टीतून लाल रस वाहताना पाहिला आहे, त्याला नाण्याएवढ्या चकतीसाठी पोलादाचे अख्खे कपाट भंगारात जाताना पाहवत नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी वर थंड आणि खाली ऊब अशी स्थिती असेल त्यांनी एवढे अवश्य करावे. फ्रीज रिकामा करून, प्लग काढून, दारे उघडी टाकून पुरे चोवीस तास तसाच ठेवावा, खाली फडकी अंथरावीत. नंतर तो सुरू केल्यावर चार-आठ दिवस उत्तम चालून पुन्हा तोच विकार उद्भवला, तर गॅस आणि कॉम्प्रेसर यांवरचा संशय दूर करून मिस्त्रींना हिम वितळवण्याचा मार्ग तपासायला सांगावे. आणि चकती बर्फ-मिठात तपासली काय, हे विचारावे. ज्यांचा फ्रीज एका दाराचा, साधा, थर्मोस्टॅटच्या मुठीत मधोमध बटण असलेला आहे, त्यांचे बटण दाबले असता आत राहत नसेल तर कसूर बहुतेक त्या थर्मोस्टॅटचीच असते. आणि औषधे असतील तर ती आधी हलवावीत.

मिस्त्री निघाले तेव्हा मी त्यांना त्या मार्गाचा नकाशा काढून मागितला. त्यांना लिहिण्याची सवय नव्हती, पण त्यांनी गेल्या वर्षीच्या कालनिर्णयाचे एक पान उलटे करून त्यावर टायमर, चकती, फ्यूज आणि हीटर अशा चार चौकटी काढल्या, तारांचे रंग छत्तीसगढी उच्चारात सांगितले, आणि ते मी लिहून घेतले. खाली बदललेल्या भागाचे नाव, तारीख, हीटरचा मोजलेला रोध अशी नोंद मी बिन कार्डाच्या धर्तीवर केली, पान प्लास्टिकमध्ये घातले आणि फ्रीजच्या पाठीवर चिकटवले. इन्सुलिनच्या कुप्या तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून परत आणल्या. त्याच आठवड्यात कंपनीच्या मुख्य कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने एक अर्ज पाठवला असून, त्यात यंत्राचा मॉडेल क्रमांक देऊन त्याच्या विद्युत नकाशाची प्रत आणि या चार भागांचे क्रमांक मागितले आहेत. पोच आली आहे. नकाशा आल्यावर कालनिर्णयाचे पान काढणार नाही. दोन्ही शेजारी शेजारी लावीन.